किट उघडायच्या आधी खडू घ्या

मुलांना कोडिंग शिकवायचंय ना, मग पहिल्याच दिवशी रोबोटचं किट उघडू नका प्लीज. वर्गात फरशीवर खडूने ५ बाय ५ चौकोन आखा, एका मुलाला रोबोट करा आणि बाकीच्यांनी 'एक पाऊल पुढे', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' एवढ्याच चिठ्ठ्या लावून त्याला शनिवारवाड्यापासून तुळशीबागेत पोचवायचं, मधे दोन-तीन चौकोनांत दप्तरं ठेवा म्हणजे झालं ट्रॅफिक. रोबोटची डावी आणि समोरून बघणाऱ्याची डावी वेगळी, इथे हमखास गडबड होते. झाली की सगळ्या चिठ्ठ्या परत लावू देऊ नका, नेमकी कुठली चुकली तेवढीच शोधायला लावा, डीबगिंग म्हणजे हेच तर असतं!

मग मायक्रोबिट द्या, म्हणजे मुलांना कोडिंग शिकवायचा छोटासा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्यावर पण २५ एलईडी ५ बाय ५ मधेच आहेत त्यामुळे मुलांना तो एकदम ओळखीचा वाटतो. त्याचा प्रोग्रॅम ज्यात लिहायचा ते मेककोड फुकट आहे, ब्राउझरमधे चालतं, सिम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली बोर्ड) पण आहे, म्हणजे ३० मुलांना ३० बोर्ड लागत नाहीत, आधी स्क्रीनवर चालवायचं मग बोर्डवर टाकायचं.

पुढे रोबोटला चाकं लावाल तेव्हा मोटर मात्र थेट बोर्डच्या पिनला जोडू नका हं, पिनला तेवढा करंट झेपत नाही, बोर्ड जाऊ शकतो. मधे मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीचा करंट देणारं सर्किट) लावा, मोटरला वेगळी बॅटरी द्या आणि दोन्हीकडचा ग्राउंड (मायनसची वायर) एकमेकांना जोडा. सुटे पार्ट पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतात, जमलं तर मुलांनाही घेऊन जा.