कंट्रोल लाइन विमानाची शेपटी: वळण बिघडवणाऱ्या या चुका टाळा

कंट्रोल लाइन विमान म्हणजे उडवणाऱ्याच्या हातातील दोऱ्यांनी नियंत्रित होणारे, त्याच्याभोवती फिरणारे मॉडेल. स्टंट म्हणजे कसरतींच्या प्रकारातील असे विमान चौकोनी लूपच्या (उभ्या गिरकीच्या) कोपऱ्यात जड वाटू लागले, की पुष्कळ जण पुढचे मॉडेल बांधताना शेपटी पंखाच्या जवळ आणतात. असे विमान वळणाला लवकर लागते हे खरे, परंतु वळण संपल्यावर ते जागेवर थांबत नाही, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर सरळ उडताना त्याचे नाक सतत वर-खाली होत राहते.

याचे कारण असे, की शेपटीमुळे मिळणारे स्थैर्य तिचे क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्यापासूनचे (विमान जिथे तोलले जाते त्या बिंदूपासूनचे) अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, तर नाकाचे डोलणे शमवण्याची तिची क्षमता त्या अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. अंतर १० टक्क्यांनी घटवले, तर ही क्षमता १९ टक्क्यांनी घटते. क्षेत्रफळ वाढवून स्थैर्य पूर्ववत केले, तरी डोलणे शमवण्यात १० टक्क्यांची उणीव राहतेच.

याहून गंभीर चूक म्हणजे शेपटी हलवूनही गुरुत्वमध्य मूळ आराखड्यातील खुणेवरच ठेवणे. शेपटी जवळ आली, की गुरुत्वमध्य मागे नेण्याची सुरक्षित मर्यादाही पुढे सरकते. त्यामुळे जी खूण मूळ विमानाला उत्तम होती, तीच या विमानाला शेपटीकडे जड ठरते. पहिल्या उड्डाणाआधी रिकाम्या टाकीने तोल तपासावा आणि नाक थोडे जड ठेवूनच सुरुवात करावी.

शेपटी वाटेल तितकी लांबवणेही योग्य नाही. गुरुत्वमध्यामागे ४० सेंटिमीटरवर वाढलेल्या १० ग्रॅमसाठी पुढे २० सेंटिमीटरवर २० ग्रॅम शिसे लागते, आणि दोन्ही टोकांना साठलेले हे वजन वळण सुरू करताना व थांबवताना अडथळा आणते. म्हणून शेपटीसाठी हलके बाल्सा लाकूड निवडण्यात कसूर करू नये.

जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या नोब्लरसारख्या स्टंट विमानात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) एलेव्हेटरला (शेपटीच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीला) जोडलेले असतात. नाक वर घेताना फ्लॅप खाली जातात आणि त्यांचा कल नाक खाली दाबण्याकडे असतो. आखूड शेपटीला तो दाब पेलणे कठीण जाते. अशा वेळी पुशरॉड (एलेव्हेटर हलवणारी दांडी) एलेव्हेटर हॉर्नच्या (दांडी जोडण्याच्या छिद्रे असलेल्या पट्टीच्या) आतल्या, बिजागरीजवळच्या छिद्रात घ्यावा, म्हणजे फ्लॅपच्या तेवढ्याच हालचालीत एलेव्हेटर अधिक वळतो.

शेपटीचा आडवा कल मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. विमानाच्या मागे उभे राहून स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा भाग) पंखाला समांतर आहे का, हे पाहावे. तो कललेला असेल, तर सरळ आणि उलट्या लूपमध्ये दोऱ्यांचा ताण वेगवेगळा जाणवतो, आणि दोष उगाचच पंखाला दिला जातो.

नाक डोलत असेल, तर शेपटी कापण्यापूर्वी बेलक्रँक (दोऱ्यांची ओढ पुशरॉडपर्यंत पोहोचवणारी तरफ) घट्ट धरून एलेव्हेटरची मागची कड बोटाने हलवून पाहावी. ती सैल हलत असेल, तर हॉर्नची झिजलेली छिद्रे दुरुस्त करावीत. बिजागरीची फट पारदर्शक टेपने, एलेव्हेटर अडकणार नाही अशा बेताने, बंद करावी. एवढे झाल्यावरच गुरुत्वमध्याकडे वळावे, आणि एका वेळी पाच ग्रॅमहून अधिक वजन हलवू नये.