डुकराच्या मुसकटामागे: 'व्रूट' या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा माग कसा काढावा

डुक्कर जमीन मुसकटाने उलथतं. गांडुळं, अळ्या, कंद, मुळं जे सापडेल ते खात पुढे सरकतं, आणि मागे नांगरल्यासारखी माती पडलेली असते. इंग्रजीत या एका क्रियेसाठी वेगळं क्रियापद होतं: व्रूट, स्पेलिंग डब्ल्यू-आर-ओ-ओ-टी. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते या रूपात कुठेही दिसत नाही. अशा शब्दाचा इतिहास शोधायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. बहुतेकांचं गणित चुकतं ते पहिल्याच दिवशी 'मूळ धातू' शोधायला धावल्यामुळे. आधी पुरावे गोळा करायचे, व्युत्पत्ती नंतर.

1. चिठ्ठ्या तयार ठेवा

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश चिठ्ठ्यांवर उभा राहिला. वाचक स्वयंसेवक एकेका कागदावर एकेक अवतरण लिहून पाठवत, आणि पहिल्या आवृत्तीत अशी सुमारे 18 लाख अवतरणं छापली गेली. तीच पद्धत वापरा. एका चिठ्ठीवर एकच अवतरण. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि मग पूर्ण वाक्य. स्पेलिंग मूळ पुस्तकात आहे तसंच उतरवा. ते 'सुधारून' लिहिलं की अर्धा पुरावा गेला, कारण इथे स्पेलिंगच आपल्याला सगळं सांगणार आहे.

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तीन खुणांसाठी जागा ठेवा: रूप, उच्चार, अर्थ. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी बदलतात. एखादं स्पेलिंग वापरातून गेलं म्हणजे शब्द गेला असं होत नाही. हा भेद सांभाळला नाही तर 'व्रूट'चा इतिहास हमखास चुकीचा लिहिला जातो.

2. मोठा कोश दोन ठिकाणी उघडा

ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि शेवटचा 1928 साली. तो शेवटचा भाग डब्ल्यू अक्षराच्या अखेरच्या शब्दांचा होता, म्हणजे 'व्रूट' अगदी शेवटच्या गठ्ठ्यात आला. आर अक्षराचं काम मात्र त्याआधी जवळपास दोन दशकं छापून झालं होतं. म्हणून फक्त डब्ल्यूमध्ये पाहून थांबू नका. 'रूट' या क्रियापदाची नोंदही काढा, आणि नाम 'रूट' म्हणजे मूळ, त्याची वेगळी काढा. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण जुन्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहेत. जुन्या कोशात शब्दाच्या आधी उभी कट्यार (†) छापलेली असेल तर ती 'वापरातून गेलेला' या अर्थाची खूण समजा. ती खूण त्या नोंदीपुरती असते.

3. मध्ययुगीन इंग्रजी

मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजी कोश 2001 साली पूर्ण झाला आणि तो सगळ्यांना खुला आहे. तिथे डब्ल्यू-आर-ओ-टी-ई-एन, म्हणजे 'व्रोतेन', शोधा. इंग्रजी कवी चॉसरचं अवतरण तुमच्या चिठ्ठ्यांत असलंच पाहिजे. 14व्या शतकाच्या अखेरीस 'पार्सन्स टेल'मध्ये त्याने डुकरिणीच्या नाकातल्या सोन्याच्या कडीची उपमा वापरली आणि ती डुकरीण घाणीत मुसकट खुपसते असं म्हटलं. तिथे क्रियापद डब्ल्यू-आर-ओ-टी-ई-टी-एच असं आहे. कडीची उपमा बायबलमधल्या नीतिसूत्रांतून आलेली आहे, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा. नाहीतर चॉसरची कल्पना म्हणून ती पुढे जाते.

4. जुनं इंग्रजी

टोरांटोचा जुन्या इंग्रजीचा नवा कोश उत्तम आहे, पण तो ए अक्षरापासून सुरू होऊन अजून डब्ल्यूपर्यंत पोचलेला नाही. तिथे शब्द सापडला नाही म्हणून तो जुन्या इंग्रजीत नव्हता असा निष्कर्ष काढू नका. बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश (मुख्य खंड 1898, पुरवणी 1921) उघडा. तोही ऑनलाइन मोफत आहे. तिथे क्रियापद 'व्रोतान' आणि त्याच्याच शेजारी नाम 'व्रोत', म्हणजे डुकराचं मुसकट, असे दोन्ही मिळतात. अवयव आणि त्याचं काम एकाच शब्दकुळातले. 'मुळं खणतं म्हणून रूट' हा लोकप्रिय खुलासा इथेच डळमळतो.

5. उच्चाराचा हिशेब

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या. इंग्रजीत आर-पूर्वीचा डब्ल्यू साधारण 15व्या ते 17व्या शतकांदरम्यान उच्चारातून गळाला. 'राइट' (लिहिणे), 'राँग' (चूक), 'रिस्ट' (मनगट) या शब्दांत तो आजही लिहिला जातो, बोलला जात नाही. 'व्रूट'चा उच्चार याच ओघात 'रूट' झाला.

मूळ या अर्थाचं नाम 'रूट' इंग्रजीत नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या लोकांकडून आलं. तिकडे सुरुवातीचा डब्ल्यू आधीच गळलेला होता, त्यामुळे हे नाम इंग्रजीत कधीच डब्ल्यूने लिहिलं गेलं नाही. दोन वेगळ्या शब्दांचा उच्चार एक झाला. डुक्कर मुळंही खातं, त्यामुळे अर्थही जुळल्यासारखा वाटला. क्रियापद आर-ओ-ओ-टी असं लिहिलं जाऊ लागल्याचे पुरावे 1530च्या दशकापासून मिळतात. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड'मध्ये राणी मार्गारेट रिचर्डला जमीन उकरणारं डुक्कर म्हणते (रिचर्डचं राजचिन्ह पांढरा रानडुक्कर होतं), आणि तिथे शब्द आरनेच सुरू होतो. चॉसर ते शेक्सपिअर या सुमारे दोनशे वर्षांत अर्थ जागचा हलला नाही, रूप मात्र बदललं.

म्हणून आमचं ठाम मत: 'व्रूट' नाहीसा झाला तो स्पेलिंग म्हणून. शब्द अजून जिवंत आहे, फक्त दुसऱ्याच्या नावाने नांदतो आहे.

6. भावंडं तपासा, पण जपून

डच भाषेत आजही डब्ल्यूसकट 'व्रूटेन' आहे, अर्थ तोच. स्वीडिशमध्ये 'रोता' आहे. जर्मनमधलं 'र्‍यूसेल', म्हणजे मुसकट किंवा सोंड, याच कुळातलं. इथपर्यंत पाय घट्ट रोवलेले आहेत.

पुढे जुन्या पुस्तकांत लॅटिन 'रोदेरे' (कुरतडणे) आणि त्यामार्गे संस्कृत 'रद्' धातूशी नातं जोडलेलं दिसेल. मराठी वाचकाला दातासाठीचा 'रदन' आठवून हे फार पटतं. घाई करू नका. जर्मानिक (इंग्रजी, डच, जर्मन यांच्या कुळातल्या) रूपांच्या सुरुवातीला डब्ल्यू आहे, लॅटिन आणि संस्कृत रूपांत तो नाही. संस्कृत असा व सहसा टिकवते: 'वृत्' धातू आणि लॅटिन 'व्हेर्तेरे' ही जोडी पाहा. डब्ल्यूचा हिशेब लागत नाही तोवर या चिठ्ठीवर प्रश्नचिन्हच हवं.

7. मूळ मजकुरात शोध घ्या

1473 ते 1700 या काळातल्या हजारो छापील इंग्रजी पुस्तकांचा टंकित मजकूर एका ग्रंथालय-प्रकल्पाने खुला केला आहे. पहिली सुमारे 25,000 पुस्तकं 2015 साली आली. शोधताना तीन अडचणी येतात.

पहिली म्हणजे, डब्ल्यू-आर-ओ-टी-ई टाकलं की 'लिहिलं' या अर्थाची लाखो वाक्यं अंगावर येतात. म्हणून शब्द एकटा शोधू नका. पाच शब्दांच्या अंतरात 'स्वाइन', 'सो' किंवा 'हॉग' हवेत अशी अट घाला, आणि या प्राण्यांचीही जुनी स्पेलिंगं द्या. दुसरी, जुने मुद्रक डब्ल्यूऐवजी दोन व्ही जोडून लावत, तेही रूप तपासा. तिसरी, संगणकाने आपोआप वाचलेल्या पुस्तकांवर विसंबू नका. जुन्या छपाईतला लांब एस (ſ) तिथे एफ होतो, आणि 1600 सालच्या मजकुराची 1850 ची पुनर्मुद्रित प्रत 1850 मध्ये मोजली जाते. गूगलच्या शब्द-आलेखावर (पुस्तकांत शब्द कोणत्या साली किती आला हे दाखवणाऱ्या एनग्रॅमवर) 1800 पूर्वीची रेघ पुरावा म्हणून वापरूच नये.

8. जमिनीवरचे पुरावे

शब्द का टिकला हे कोशांत कळत नाही. शरद ऋतूत डुकरं जंगलात सोडून ओक आणि बीचची गळलेली फळं चारण्याचा हक्क इंग्लंडमध्ये इतका मोलाचा होता की 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या राजेशाही नोंदवहीत, अनेक ठिकाणी जंगलाचा आकार तिथे किती डुकरं चरतील त्यावरून नोंदला आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये ही चराई आजही दरवर्षी किमान 60 दिवस चालते, आणि डुकराच्या नाकात कडी घालावी लागते. कडी टोचते म्हणून ते जमीन खोलवर उलथत नाही. जिथे एका क्रियेमुळे कुरण उद्ध्वस्त होतं, तिथे तिच्यासाठी नेमका शब्द लागतोच.

नकाशाही पाहा. लिंकनशरमध्ये 'व्रूट' नावाचं गाव आहे, स्पेलिंगमध्ये डब्ल्यू शाबूत. नाव मुसकटावरूनच, दलदलीत नाकाडासारख्या पुढे आलेल्या उंचवट्यामुळे. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली 1727 ते 1729 दरम्यान तिथे वडिलांचे सहायक पाद्री होते. गावांच्या नावांत जुनी रूपं गोठून राहतात, त्यामुळे ही चिठ्ठी वेगळ्या रंगाची करा.

9. बोली आणि नंतरचे फाटे

जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश (1898 ते 1905) शेवटी उघडा. 'राउट' आणि 'रूटल' ही याच क्रियापदाची पिल्लं. दुसरं 19व्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच शतकात 'शोधाशोध करणे, धुंडाळणे' हा माणसांना लागू होणारा अर्थ नोंदला गेला. अमेरिकेत 'उकर डुकरा, नाहीतर मर' अशा आशयाची म्हण रुळली. डेव्ही क्रॉकेट यांच्या 1834 च्या आत्मचरित्रात ती आहे.

10. नोंद लिहिताना

चिठ्ठ्या सालानुसार लावा आणि प्रत्येक रूपाची पहिली व शेवटची तारीख वेगळी द्या. 'पहिला वापर' असं कधीच लिहू नका, 'सापडलेला पहिला वापर' लिहा. लिहिण्याआधी अनेक पिढ्या लोक तो शब्द बोलत असतात.

हाच क्रम मराठी शब्दाला लावायचा असेल तर कोश बदला: मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि त्यामागच्या शतकांसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999) आहे. 'उकरणे'पासून सुरुवात करा.