सोलरचं अनुदान आणि कर्ज: या चुका टाळा

नागपुरात एप्रिलचं बिल आलं की लोकांना सोलर आठवतं. मग आठवड्याभरात पॅनल गच्चीवर हवेत. कागद नंतर बघू म्हणतात. ही घाईच सगळ्यात महाग पडते.

पहिली चूक नावाची. वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, घरटॅक्स वडिलांच्या नावावर आणि अर्ज भरणार नातू. महालातल्या एका जुन्या घराची फाइल माझ्याकडे अशीच आली होती. सोलर बसवणारा व्हेंडर म्हणाला होता, "काई टेन्शन नाई भाऊ, होऊन जाते." बँकेने पहिल्याच भेटीत विचारलं की बिल कोणाचं? तेव्हा तरी थांबायचं ना! पण या गृहस्थांनी सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं स्वस्त कर्ज सोडून चढ्या व्याजाचं पर्सनल लोन उचललं आणि पॅनल चढवले. पुढे नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा, अर्ज नावावरून अडला. नाव बदलायला भावंडांची ना हरकत हवी, त्यातला एक पुण्यात, आणि त्याचं वाटणीवरून आधीच बिनसलेलं. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, प्लांट बंदच. हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर कापला जात होता. अनुदान प्लांट सुरू होऊन तपासणी झाल्यावरच ग्राहकाच्या खात्यात येतं. त्यामुळे तेही लटकलं.

माझ्याकडे कोणी आलं की मी आधी वीजबिल, आधार आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावतो. तिन्हीकडे नाव जुळलं तरच पुढचं बोलणं. नाव बदलायचं असेल तर ते आधी, कोटेशन नंतर. लोकांना हे आवडत नाही.

दुसरी चूक हिशेबाची. 'किलोवॅटला 30,000' एवढंच ऐकून लोक पाच किलोवॅटवर दीड लाखाची स्वप्नं बघतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000 आणि तिथेच कुंपण. म्हणजे तीनला 78,000 आणि पाचलाही 78,000. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. बारा महिन्यांची बिलं काढा, बेरीज करा, मग आकार ठरवा. फक्त मे महिन्याचं कूलर-एसीचं बिल धरून मोठा प्लांट घेणारे दिवाळीनंतर माझ्याशी वाद घालायला येतात.

स्वस्त पॅनलचा मोह: अनुदानासाठी पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले लागतात. दुसरे स्वस्त मिळतात, पण त्यांच्यावर अनुदान नाही. कोटेशनवर 'डीसीआर' लिहून घ्या, तोंडी नको.

कर्जाबद्दल एकच सांगतो. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं तारणाशिवाय कर्ज जनसमर्थ पोर्टलवरून मिळतं आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो. व्हेंडरच्या ओळखीच्या फायनान्सवाल्याचा 'शून्य टक्के' ऐकून सही करू नका. ते व्याज किमतीत मिसळलेलं असतं. रोख किंमत वेगळी मागा, फरक लगेच दिसतो.

सोसायटीवाल्यांनी घराच्या अनुदानाचा दर लावू नये. सामाईक वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे वगैरेंना, किलोवॅटमागे 18,000.

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखानदारांना घरगुती अनुदान नाही, त्यांचा फायदा 40 टक्के घसाऱ्यात, म्हणजे मालमत्तेची किंमत दरवर्षी घटते म्हणून करात मिळणाऱ्या वजावटीत. पण प्लांट घेतलेल्या वर्षात तो 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी निम्माच, 20 टक्के. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्यांना हे त्यांच्या सीएने सांगायला हवं होतं. बाकी घसारा पुढच्या वर्षांत मिळतो, बुडत नाही. पण पहिल्या वर्षीच्या करबचतीवर ज्यांनी हप्ते बेतलेत त्यांची पंचाईत होते.

आणि नेट मीटर लागेपर्यंत व्हेंडरचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. तो कुरकुर करेल, करू द्या.