अँथुरियम लावताय? मग आधी माती बाजूला ठेवा

माझं पहिलं अँथुरियम, म्हणजे ते चकचकीत लाल 'फुलांचं' शोभेचं रोप, दोन महिन्यांत गेलं. तुळशीला घालतात तसं त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते. कुंडीत लाल माती, वर शेणखत. एक दिवस देठ धरून जरा हलवलं, तर अख्खं रोप हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत, आणि वास तर विचारूच नका.

चूक कळायला वेळ लागला. हे झाड मूळचं कोलंबिया-इक्वाडोरच्या दमट जंगलांतलं. तिथे ते झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतं. त्याच्या मुळांना ओल हवी, पण तितकीच हवाही हवी. घट्ट माती म्हणजे त्यांचा गळा आवळणं.

म्हणून सुरुवात मिश्रणापासून. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि दोन दिवस भिजत घाला. पाणी चहासारखं लाल होईल, ते फेकून पुन्हा भिजवा. असे दोन भाग तुकडे, एक भाग लाकडी कोळसा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर गांडूळखत. वाटल्यास थोडे विटांचे तुकडे. मिश्रणावर पाणी ओतलं की ते कुंडीखालून लगेच धावत बाहेर यायला हवं. तसं झालं नाही, तर कोकोपीट जास्त झालंय.

नर्सरीतून आणलेल्या रोपाला सहा इंची कुंडी पुरते. मोठी घेऊ नका, त्यात ओल साचून राहते. लावताना बुडखा मिश्रणाच्या वरच राहू द्या.

जागा पूर्वेच्या खिडकीची उत्तम. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको. उन्हाने पानांवर भाजल्यासारखे डाग पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नुसती पानं येतील, फूल नाही. एसीच्या थेट झोतातही ठेवू नका.

पाण्याचं वेळापत्रक नाही. बोट इंचभर आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात हे दोन-तीन दिवसांनी होतं, पावसाळ्यात कधी आठवडाही जातो. बशीत पाणी साचू देऊ नका. बोअरच्या खारट पाण्याने पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवून घालता आलं तर सोन्याहून पिवळं.

पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम. बस्स. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब घालून फवारा.

आता त्या लाल 'फुला'बद्दल. ते फूल नव्हेच, ते रंगीत पान. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक दाण्यांसारखी. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी निवडली असेल तर ही रचना लगेच ओळखू येईल. शेवळं, अळू, सुरण, अँथुरियम, सगळी एकाच कुळातली. खाजही तीच: कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक. तेव्हा रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर घरात असेल, तर कुंडी उंचावर ठेवा आणि छाटणीनंतर हात धुवा.

एकेक फूल सहा-आठ आठवडे टिकतं. हिरवट पडलं की देठ तळाशी कापा.

दोन-तीन वर्षांत खालची पानं गळून खोड उघडं पडतं आणि झाड वाकतं. घाबरू नका. खोडावर हवेत लोंबणारी जाड मुळं दिसतील. दोन-तीन मुळांसकट शेंडा धारदार सुरीने कापा आणि नव्या मिश्रणात लावा. पावसाळ्याची सुरुवात याला चांगली. जुना खुंट टाकू नका. माझ्या खुंटाला महिन्याभराने बाजूने दोन तांबूस कोंब आले, आणि त्यातला एक आता शेजारच्या काकूंच्या खिडकीत आहे.