ओवा-लवंगेने कॅन्डिडा (एक बुरशी) मरतो, पण नेमका कसा? प्रोजेक्टवाल्यांसाठी

पुण्यात मायक्रोच्या एमएस्सीला दरवर्षी कुणीतरी लवंग नाहीतर ओवा घेऊन कॅन्डिडा अल्बिकन्सच्या मागे लागतंच, प्लेटवर झोन (बुरशी न वाढलेली मोकळी जागा) दिसला की खूश आणि रिपोर्टमध्ये थेट "ॲपॉप्टोसिस झाला" असं ठोकून मोकळे. अहो, झोन म्हणजे वाढ थांबली एवढंच. पेशीने आतून स्वतःला संपवलं (ॲपॉप्टोसिस) की मेम्ब्रेन फाटून मेली (नेक्रोसिस), हे वेगळं दाखवावं लागतं.

मार्केट यार्डातून लवंगा आणून अर्क काढत बसू नका, त्यात दहा गोष्टी असतात. सरळ लवंगेतलं शुद्ध युजेनॉल किंवा ओव्यातलं थायमॉल घ्या. स्ट्रेनसाठी पाषाणला एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं कलेक्शन आहेच.

आधी एमआयसी (वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस) काढा, आरपीएमआय या माध्यमात, ३५ अंशाला, २४ तास. डीएमएसओ (तेल विरघळवणारं द्रावक) १ टक्क्याच्या वर नको आणि नुसत्या डीएमएसओची वेल (प्लेटमधला खळगा) हवीच. ही तेलं उडतात हां, वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते आणि कंट्रोलच मरतो, म्हणून प्लेट सील करा आणि कंट्रोल लांब ठेवा.

आता खरी गोम डोसची. ॲसिटिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲम्फोटेरिसिन बी यांचा कमी डोस दिला तर कॅन्डिडात ॲपॉप्टोसिस, जास्त दिला तर नेक्रोसिस, हे २००३ मध्येच दाखवलं गेलंय. म्हणून एमआयसीच्या आसपासचे तीन-चार डोस घ्या आणि वेगवेगळ्या वेळी सॅम्पल काढा, एकाच आकड्यावर काही ठरत नाही.

साधारण क्रम असा: मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, आरओएस (पेशीला इजा करणारी ऑक्सिजनची रूपं) वाढतो, सायटोक्रोम सी हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर येतं, मेटाकॅस्पेज हे एन्झाइम जागं होतं, शेवटी डीएनए तुटतो. आरओएस मोजायला डीसीएफएच-डीए हा चमकणारा डाय चालतो, फक्त हळदीतलं करक्युमिन घेतलं असेल तर सांभाळून, ते स्वतःच हिरवट चमकतं, त्यामुळे डाय न घातलेलं सॅम्पलही वाचा. ॲनेक्सिन व्ही (ॲपॉप्टोसिसमध्ये मेम्ब्रेनच्या बाहेर आलेल्या लिपिडला चिकटतं) मेम्ब्रेनपर्यंत जायला पेशीभिंत झायमोलायेज या एन्झाइमने काढावी लागते, तेही सॉर्बिटॉलच्या द्रावणात, नाहीतर पेशी फुटतात आणि सगळंच पीआय (फक्त मेम्ब्रेन फाटलेल्या पेशीत शिरणारा डाय) पॉझिटिव्ह येतं. हवं काय, तर ॲनेक्सिन पॉझिटिव्ह, पीआय निगेटिव्ह. दोन्ही पॉझिटिव्ह आलं तर उशीर झालाय, वेळ कमी करा.

आणि एनएसी (आरओएस कमी करणारं अँटिऑक्सिडंट) आधी देऊन बघा, आरओएस उतरूनही पेशी मेल्याच तर मारणारं दुसरं काहीतरी आहे. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड वापरत असाल तर मात्र ते एनएसीशी थेट रिॲक्ट होतं, तेव्हा पेशी वाचल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.