लाइव्हमध्ये अँकर-रिपोर्टरची टक्कर होते? या चुका टाळा

अँकर प्रश्न विचारतो, रिपोर्टर नुसताच कॅमेऱ्याकडे बघत राहतो. तो तोंड उघडतो तेवढ्यात अँकरचा दुसरा प्रश्न. लगेच पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) ओरड: लिंक खराब आहे! बहुतेक वेळा लिंक ठणठणीत असते. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर. सिग्नलला वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, एन्कोडर-डीकोडरचा, म्हणजे चित्र-आवाज आवळून पाठवणाऱ्या आणि परत उलगडणाऱ्या यंत्रांचा, वेळ वेगळा. हा उशीर धरूनच बोलायचं. अँकरने एकच छोटा प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं. प्रश्नाला ‘बरोबर ना?’चं शेपूट जोडलं की टक्कर झालीच.

सगळ्यात जास्त घोळ इअरपीसमध्ये होतो. रिपोर्टरच्या कानात प्रोग्रॅमचा (प्रसारित होणारा सगळा) आवाज जसाच्या तसा सोडला, की त्याला स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकू येतं. अशा वेळी भलाभला अडखळतो, शब्द ओढतो आणि घरी बघणारे म्हणतात, पोरगा घाबरला. त्याला मिक्स-मायनस द्या: बाकी सगळं ऐकू येईल, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. लाइव्हआधी त्याला मोठ्याने आकडे मोजायला लावा. तेच आकडे कानात परत आले तर चूक स्टुडिओकडची आहे, त्याला इअरपीस बदलायला लावून उपयोग नाही.

बॅकपॅकचा (मोबाइल नेटवर्कवरून लाइव्ह पाठवणाऱ्या पाठीवरच्या युनिटचा) डिले, म्हणजे उशीर, कमी तेवढा चांगला, हाही एक गैरसमज. ते युनिट अनेक सिमकार्डांवरून तुकडे पाठवतं आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबतं. विसर्जनाच्या दिवशी लालबागच्या गर्दीत नेटवर्क गुदमरतं, तिथे डिले कमी ठेवला तर चित्र फुटणारच. नुसती मिरवणूक दाखवायची असेल तर डिले बिनधास्त वाढवा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी आवाज पुढे आहे का ते बघा. उशिरा आलेला आवाज डोळे बऱ्यापैकी खपवून घेतात, आधी आलेला मात्र 45 मिलिसेकंदांतच खटकू शकतो. आपल्याकडे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. चित्र दोन-तीन यंत्रांतून फिरून येतं आणि आवाज थेट मिक्सरवर, म्हणून तो पुढे पळतो. तेवढा डिले ऑडिओला द्या.

आणि मोबाइलवर चॅनेलचं ॲप बघून क्यू (बोलायला सुरुवात करायचा इशारा) घेऊ नका. ते कित्येक सेकंद मागे असतं. क्यू टॉकबॅकवरूनच, म्हणजे कंट्रोल रूमशी बोलायच्या आतल्या लाइनवरूनच.