वाल दे बोई: आधी चित्रं, मग भिंती

स्पेनमधल्या वाल दे बोई या दरीला जायचं असेल तर सुरुवात दरीत करू नका, बार्सिलोनात करा. मोन्जुइकच्या टेकडीवर कातालोनियाचं राष्ट्रीय कला संग्रहालय आहे. त्यातल्या रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या युरोपीय शैलीच्या, दालनांना एक अख्खी सकाळ द्या. आम्ही, म्हणजे मी आणि माझी नणंद, आधी दरी पाहून मग संग्रहालयात गेलो. हा क्रम चुकला, हे मला ताउल गावातल्या चर्चच्या उघड्याबोडक्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर कळलं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि बाराव्या शतकातली भित्तिचित्रं बघायला इतक्या लांब गेले, तर ती तिथे नव्हतीच.

ती का नव्हती, हे कळलं की पुढचं सगळं नीट दिसतं. पिरेनीज पर्वताच्या दक्षिण उतारावरची ही दरी फार काळ आडबाजूला होती. १९०७ साली बार्सिलोनाहून अभ्यासकांची एक मोहीम इथे आली आणि चित्रांचं मोल बाहेर कळलं. अभ्यासकांमागोमाग व्यापारी आले. कातालोनियातल्याच मुर इथल्या चर्चची चित्रं १९१९ मध्ये भिंतीवरून काढून विकली गेली, ती आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहेत. हे कळल्यावर बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने घाईघाईने या दरीतली चित्रं विकत घेतली आणि १९१९ ते १९२३ या काळात इटालियन कारागिरांकडून ती उतरवून घेतली. पद्धत अशी: चित्रावर प्राण्यांच्या सरसाने कापड चिकटवायचं, ते वाळू द्यायचं आणि मग ओढायचं. कापडाबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो. ती गुंडाळी खेचरावर लादून दरीबाहेर न्यायची.

संग्रहालयात ताउलच्या सान क्लिमेंत चर्चमधला ख्रिस्त बघाल तेव्हा त्याच्या वस्त्राच्या चुण्या जरूर न्याहाळा. त्या कापडाच्या वाटतच नाहीत, घडीच्या पत्र्यासारख्या वाटतात. त्याच्या हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘मी जगाचा प्रकाश आहे’. तो निळा रंग म्हणजे एरिनाइट, पिरेनीजमध्येच सापडणाऱ्या खनिजाचा. खालच्या बाजूला बायबलमधल्या लाझारस या भिकाऱ्याच्या जखमा चाटणारा कुत्रा शोधा. चित्रकाराचं नाव कोणालाच माहीत नाही. हे सगळं डोळ्यांत साठवलं की मग दरीत जा.

बार्सिलोनाहून गाडीने चारेक तास लागतात. सार्वजनिक वाहनाने जायचं तर ल्येइदापर्यंत वेगवान रेल्वे, साधारण तासाभराची, आणि तिथून व्येल्याकडे जाणारी बस. एल पोंत दे सुएर्तला उतरायचं. दरीचं तोंड तिथून जवळच आहे, पण आतपर्यंत जाणाऱ्या बस मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. मुक्कामाला लोक सहसा ताउल निवडतात, कारण फोटोत तेच गाव असतं. माझं मत बोई गावाला. ऐग्वेस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यानात नेणाऱ्या टॅक्सी तिथल्या चौकातून सुटतात, आणि ताउल व एरिल ला वाल ही दोन्ही गावं तिथून चालत जाण्याजोगी आहेत.

दरीतली नऊ चर्चेस २००० साली जागतिक वारसा यादीत गेली. नऊच्या नऊ बघायचा हट्ट धरू नका, चौथ्यानंतर सगळी सारखी दिसू लागतात. एरिल ला वालमध्ये रोमनेस्क माहिती केंद्र आहे, सुरुवात तिथून करा. कोणतं चर्च कधी उघडं आहे ते तिथे कळतं आणि एकत्र तिकीटही मिळतं. दुपारी दोन ते चार सगळं बंद असतं असं धरूनच चला. एका गावात आम्ही अडीच वाजता चढ चढून घामाघूम पोचलो, तर दाराला कुलूप आणि गावात चिटपाखरू नाही. ‘वहिनी, अख्खं गाव झोपलंय,’ वन्सं म्हणाल्या आणि दारासमोरच्या बाकावर स्वतःही आडव्या झाल्या. चूक आमचीच होती, वेळापत्रक पिशवीत होतं.

गाडी असली तरी गावांमधलं अंतर चालून कापा. बोईहून एरिलला नोगेरा दे तोर नदी ओलांडून अर्ध्या तासाच्या आत पोचता. ताउलची जुनी पायवाट मात्र दोनशे मीटरहून अधिक चढते, त्यामुळे दम लागतो. चालण्याचा आग्रह एवढ्यासाठी की मनोरे गाडीतून कळत नाहीत. पायवाटेने जाताना एक मनोरा झाडीआड जातो तोवर दुसरा दिसायला लागतो. उत्तर इटलीतल्या लोंबार्दीकडच्या गवंड्यांची ही शैली: उंच, सडपातळ मनोरा, वरच्या मजल्यांवर जोडखिडक्या, आणि भिंतीला चिकटलेल्या छोट्या कमानींची झालर. एरिलच्या सांता एउलालियाचा मनोरा सहा मजली आहे. आत वधस्तंभावरून ख्रिस्ताला उतरवतानाचा लाकडी शिल्पसमूह दिसतो, पण ती प्रतिकृती. मूळ मूर्ती विक आणि बार्सिलोना इथल्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या आहेत. एवढ्याशा गावांना हा खर्च कसा परवडला? एरिलचे सरदार आरागोनचा राजा पहिला आल्फोन्सो याच्या लढायांत सामील होते. लुटीतला वाटा इथे दगडात उतरला.

बोईमधलं सांत जोआन हे बाहेरून बघायचं चर्च. त्याच्या भिंतीला गिलावा आणि रंग दिलेला दिसेल. मला आधी वाटलं, कोणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली वाट लावली. पण खरं उलट आहे: ही चर्चेस मुळात गिलाव्याचीच होती, दगड उघडा ठेवायची आवड नंतरची. आत संत स्तेफानला दगड मारणारे लोक आहेत, कसरत करणारे डोंबारी आहेत आणि चित्रकाराने न बघताच काढलेले प्राणी आहेत. तेही प्रतिकृतीच, पण मजा कमी होत नाही.

एक दिवस दुर्रोसाठी ठेवा. बार्रुएराहून पायवाट तीनेकशे मीटर चढते. गावाच्या आणखी वर, मोकळ्या कड्यावर सांत किर्क नावाचं इवलंसं देऊळवजा चर्च आहे. आतून बघायला मिळेलच असं नाही. बाहेर गवतावर बसून शिदोरी खा, खाली अख्खी दरी दिसते.

आता उद्यान. ऐग्वेस्तोर्तेस म्हणजे वळणावळणाचं पाणी. १९५५ साली स्थापन झालेलं हे कातालोनियातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान. हिमनद्यांनी कोरलेली दोनशेच्या आसपास तळी त्यात आहेत. खासगी गाड्यांना आत मज्जाव. बोईच्या चौकातून सामायिक जीप-टॅक्सी घेऊन ऐग्वेस्तोर्तेसच्या पठारावर उतरा. सकाळी पहिल्या फेऱ्यांतच जा, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग गडगडतात आणि उघड्या डोंगरावर विजेशी गाठ नको. पठारावर फळ्यांची पायवाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथेच फिरलं तरी पैसे वसूल. नदी तिथे इतक्या फाट्यांत विखुरते की मुख्य प्रवाह कुठला ते सांगता येत नाही. पुढे एस्तान्य ल्योंग, म्हणजे लांब तळं, तासाभराच्या सोप्या चढावर आहे. वाटेत काळ्या पाइनची झाडं लागतात. शीळ ऐकू आली तर पक्षी शोधू नका, मार्मोट असतो: मांजराएवढा, गुबगुबीत, दगडावर उभा. तळ्यात पोहणं आणि तंबू ठोकणं मना आहे.

परतताना टॅक्सी सोडून द्या आणि खाली चालत या. सांत एस्पेरित धबधबा आणि एस्तान्य दे ल्येब्रेता हे तळं उतरणीच्या वाटेवर आहेत, आणि टॅक्सीच्या खिडकीतून ते सटकन निघून जातात. माझे गुडघे मात्र दुसऱ्या दिवशी बोलले. तो दिवस काल्देस दे बोईच्या गरम झऱ्यांना दिला. त्याच रस्त्याच्या टोकाला कावाल्येर्सचं धरण आहे. धरणाच्या भिंतीवर उभं राहून समोरचे ग्रॅनाइटचे कडे बघितले की झालं.

जूनच्या सुरुवातीला वरच्या वाटांवर बर्फ असू शकतं. सप्टेंबरचा उत्तरार्ध मला सर्वांत आवडेल. पण जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत गावोगाव फाल्येस असतात, आणि प्रत्येक गावाची तारीख वेगळी. डोंगरावर पेटवलेले पाइनचे पलिते खांद्यावर घेऊन गावकरी रात्री ओळीने खाली उतरतात. २०१५ पासून युनेस्कोच्या यादीतही ही प्रथा आहे. ती रात्र गाठायची तर खोली खूप आधी ठरवा.

शाकाहाऱ्यांसाठी: ‘भाजी आहे’ यावर विसंबू नका. कोबी-बटाट्याचं त्रिंशात मागवलं तर वर डुकराच्या मांसाची पट्टी आली. वन्संनी ती शांतपणे उचलून माझ्या ताटाबाहेर ठेवली, पण चव आतपर्यंत गेली होती. ‘सेन्से कार्न, सेन्से पेइश’, मांस नको, मासा नको, हे पाठ करा. एस्कालिवादा, म्हणजे भाजलेलं वांगं आणि ढोबळी मिरची, आणि टोमॅटो चोळलेला पाव, यावर दिवस निघतो. एस्कालिवादावर अँकोव्ही मासा नाही ना, तेवढं विचारा. दुपारचं जेवण दीडच्या आधी मिळत नाही. दुकानात शिरताना ‘बोन दिया’ म्हणा, इथे कातालान बोलतात आणि तेवढ्याने चेहरे खुलतात.

सान क्लिमेंत शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. १० डिसेंबर ११२३ ला त्याचा अभिषेक झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातल्या सांता मारियाचा, रोदाच्या बिशप रामोनच्या हस्ते. आधी मनोरा चढा, जिने लाकडी आणि उभे आहेत, पिशवी खाली ठेवा. मग आत बसा. पूर्वी इथे चित्राची नक्कल लावलेली होती. ती काढून २०१३ पासून मूळ भिंतीवर प्रकाशाने चित्र उमटवतात. अंधारात आधी रेषा येतात, मग एकेक रंग भरत जातो, चुण्या, निळा, पुस्तकातली अक्षरं, आणि काही मिनिटांसाठी सगळं जागेवर असतं. मग दिवे लागतात. लगेच उठू नका. भिंतीवर जे खरोखर उरलंय, ते तेव्हा शोधा: कमानीच्या बाजूला फिकट झालेला बायबलमधला काइन, भाऊ हाबेलवर धावून जाणारा. तो गिलाव्याखाली दडला होता, म्हणून राहिला.